विहिरीच्या सिनेमाचा शेवट

अहिल्यामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. ती माझ्या आईची मैत्रीण, आणि दोघींची ओळख झाली ती एका सिनेमात, भलत्या ठिकाणी हसू फुटल्यामुळे.

एकोणसत्तर सालची गोष्ट. तेव्हा दिल्लीतलं आमचं मराठी मंडळ महिन्यातून एका रविवारी सकाळी थिएटर भाड्याने घेऊन मराठी सिनेमा दाखवायचं. सरकारी क्वार्टरांतली कुटुंबं यायची, आणि कॅंटोनमेंटमधून फौजी बायकांना घेऊन एक ट्रक यायचा. त्या ट्रकमधून माझी आई आली होती. द्वारका, दुष्काळी माण तालुक्यातली, सातवी शिकलेली, फौजेतल्या नाईक मल्हारी जगतापांची नवी नवरी. त्या दिवशीचा सिनेमा जुना, काळापांढरा आणि फार नावाजलेला. आमच्या घरात त्याला नुसतं 'विहिरीचा' म्हणतात, म्हणून मीही तेवढंच म्हणते. गावचा इनामदार एका विधवेला आपल्या विहिरीवर पाणी भरू देत नाही, आणि तिचं तापाने फणफणलेलं पोर पाणी पाणी करत जातं. पुढे ती माळावर स्वतः विहीर खणते. मग मोठा दुष्काळ पडतो, इनामदाराची विहीर आटते आणि तो हात जोडून हिच्या दारात येतो. ती त्याच्याकडे बघत राहते आणि शेवटी, एक अक्षर न बोलता, त्याचा हंडा भरून देते. तिच्या डोळ्यांतलं पाणी हंड्यात पडतं. समाप्त.

सगळं थिएटर मुसमुसत होतं. तेवढ्यात आई मोठ्याने म्हणाली, "दुष्काळात हिच्याच विहिरीला एवढं पाणी कुठनं आलं?"

पुढच्या रांगेतली एक बाई फस्सकन हसली. आजूबाजूच्यांनी दोघींना झापलं. बाहेर आल्यावर त्या बाईने ट्रकपाशी येऊन आईला गाठलं. उंच, चष्मेवाली, खांद्याला ऑफिसची पर्स.

"पाण्याचं जाऊ द्या," ती म्हणाली, "तुम्ही दिला असतात का हंडा भरून?"

"मी?" आई म्हणाली. "मी त्याला काठावर बसवला असता. आत पाणी किती आहे ते बघ म्हणाले असते. नुसतं बघ."

ती बाई म्हणजे अहिल्या प्रधान. मूळची धुळ्याची. वडील गेल्यावर शॉर्टहॅंड शिकून दिल्लीला आली, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनो झाली आणि आपल्या आईला, सुमित्राआजीला, घेऊन सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहू लागली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळ कुठे होता यार?" दिल्लीने तिच्या तोंडात ते 'यार' कायमचं बसवलं होतं, आजीसमोरसुद्धा निसटायचं. माझी आई तिला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणायची, ती आईला 'द्वारके' आणि 'तू'. पण वाद घालताना आईचं 'तुम्ही' काही मऊ नसायचं.

सुडाच्या सिनेमांचं वेड दोघींना तेव्हा नव्हतं. ते लागलं त्र्याहत्तर सालानंतर.

मंत्रालयात मावशीचे साहेब होते श्रीरंग नाडगौडा. अंडर सेक्रेटरी, आणि मंडळाच्या सिनेमा समितीचे प्रमुखही तेच. प्रत्येक शोच्या आधी स्टेजवर येऊन थोडं बोलायचे. आवाज असा की बायका पदर सारखा करून ऐकायच्या. 'विहिरीचा' त्यांचा सर्वांत लाडका सिनेमा. त्याच्या शेवटाबद्दल बोलताना त्यांचा गळा भरून यायचा. मावशीला ते ऑफिसातही सिनेमांबद्दल विचारायचे, पुस्तकं द्यायचे. तिला ते आवडायचं. हे ती कधी नाकारत नसे. "मला वाटायचं, बोलायला कुणीतरी आहे," ती म्हणायची.

एका संध्याकाळी डिक्टेशन घेताना त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. मावशीने पेन्सिल खाली ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेब, हात काढा." दार उघडं होतं. बाहेर अख्खं सेक्शन बसलेलं होतं. टाइपरायटर थांबले, आणि मग एकेक करून पुन्हा सुरू झाले. कुणी आत आलं नाही.

थोड्याच दिवसांत तिच्या बदलीची ऑर्डर निघाली. आसामातल्या एका लहान गावी, एका फील्ड ऑफिसात. सुमित्राआजीला त्याआधीच अर्धांगवायू झालेला, तिला आगगाडीत घालणं शक्य नव्हतं. मावशी नाडगौडांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. ते म्हणाले, "मिस प्रधान, एक्झिजन्सी ऑफ सर्व्हिस. कामाची निकड. माझ्या हातात काय आहे?" आणि हसले. ते हसू तिने आईला इतक्या वेळा करून दाखवलं होतं की मीही ते ओळखते, ओठांचा फक्त डावा कोपरा वर.

नोकरी सोडावी तर दोघींनी खायचं काय? मावशी गेली. आजीला आईने सांभाळलं. कॅंटोनमेंटमधून रोज बस धरून सरोजिनी नगरला जायचं, तिला आंघोळ घालायची, भरवायचं, अंगाला तेल लावायचं. मी तेव्हा तीन-चार वर्षांची. मला त्या खोलीतला तेलाचा वास आठवतो, आणि आजीचा एकच चालणारा हात. रात्री शेजारची पंजाबी बाई झोपायला यायची. मावशीचे रजेचे अर्ज मंत्रालयातून, नाडगौडांच्याच सहीने, परत येत राहिले. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत आजी गेली. बाबांनी, म्हणजे मल्हारी जगतापांनी, युनिफॉर्मवरच जाऊन अग्नी दिला. मावशी पोचली तेव्हा आई क्वार्टरची फरशी धूत होती.

यानंतर जे झालं ते मावशीला बदलीपेक्षाही जास्त लागलं. मंडळाने आजीसाठी शोकसभा ठेवली आणि तिथे नाडगौडा बोलले. "मिस प्रधान यांनी एक शब्द मला टाकला असता," ते म्हणाले, "तर मी स्वतः त्यांची रजा मंजूर करून आणली असती. पण काही माणसं स्वाभिमानी असतात." गळा भरून आला. लोकांनी माना डोलावल्या. मावशी पहिल्या रांगेत बसली होती. आईने तिचा हात धरला होता, आणि आई सांगते की तो हात गरम तव्यासारखा लागत होता.

त्या दिवसापासून मावशीने मंडळाची पायरी चढली नाही. खात्याची परीक्षा देऊन ती दुसऱ्या मंत्रालयात, दिल्लीला परत आली. चढत चढत सेक्शन ऑफिसर झाली. आणि रविवारी दुपारी आमच्याकडे येऊ लागली.

आधी थिएटर, मग भाड्याचा व्हीसीआर, मग सीडी. दोघींनी मिळेल तो सुडाचा सिनेमा पाहिला. हिंदी, मराठी, कुठल्यातरी दूतावासात फुकट दाखवलेला जपानी. नावं त्या कधी घेत नसत. 'आचारीण' म्हणजे शत्रूच्या घरात बारा वर्षं स्वयंपाक करणारी विधवा. 'पुलावरचा म्हातारा' म्हणजे तो जपानी. 'घड्याळवाला' म्हणजे एक भयंकर पडेल डाकूपट, ज्यात घोड्यावरच्या डाकूच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ दिसतं. तो पडला तेव्हा कुणी बघितला नाही, पण पुढे सकाळच्या स्वस्त शोला पोरं त्याचे संवाद पडद्याबरोबर ओरडायची. या दोघी त्यांच्यात बसून ओरडायच्या.

बाकीच्या बायका गाण्यांबद्दल बोलायच्या, या दोघी शेवटाबद्दल. दुश्मन मेला, बरं. पण त्याला कळलं का, कशासाठी मेला ते? मावशीचं म्हणणं असे की ते कळल्याशिवाय सगळं फुकट. "आचारणीने विष घातलं आणि तो झोपेत गेला. हा काय सूड? ही तर सेवा झाली."

आई म्हणायची, "आणि दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं ते दाखवत नाहीत. बारा वर्षं त्याच्यासाठी भाकरी थापली. सकाळी उठून कुणासाठी थापणार?"

बाबा पेपरमागून म्हणायचे, "तुम्हाला बंदूक आणून देऊ का एकदाची?"

"गप बसा हो," दोघी एकदम.

एकदा मात्र गोष्ट सिनेमाच्या बाहेर आली. शहाऐंशी-सत्त्याऐंशी असेल. नाडगौडांच्या मुलीला, चंद्रप्रभाला, नाशिकचं स्थळ आलं. ती माणसं मावशीच्या नात्यातली निघाली. मावशीने नाडगौडांच्या हाताखाली काम केलेलं, म्हणून चौकशीला तिच्याकडेच आली. घर कसं, माणसं कशी? तिने "कळवते" म्हणून सांगितलं आणि रविवारी आमच्याकडे आली. त्या दिवशी व्हीसीआरवर जो सिनेमा होता त्यात नायक शत्रूच्या मुलीशी लग्न करून तिला टाकून देतो. मध्येच आईने उठून टीव्ही बंद केला.

"ताई, पोरीला हात लावायचा नाही."

"तिच्यामुळे त्याला किती लागेल, माहितीये तुला?"

"माहितीये. म्हणूनच सांगते. तुमच्या आईला ज्या हातानं भरवलं त्या हातानं मग तुम्हाला चहा देणार नाही मी."

मावशीने चष्मा पुसला आणि पर्स उचलली. मग नाशिकच्या माणसांना तिने सांगितलं, मुलगी गुणी आहे, जरूर करा. लग्न झालं. मला तेव्हा वाटलं होतं की मावशी निवळली. तसं नव्हतं. पुढे तिनेच मला सांगितलं, "मला तो हवा होता. त्याच्याऐवजी कुणी नको होतं."

दोन हजार एक साली मंडळाला पन्नास वर्षं झाली. बाबा तोपर्यंत सुभेदार होऊन निवृत्त झाले होते आणि आम्ही द्वारका उपनगरात फ्लॅट घेतला होता. आईचं नाव आणि पत्त्यातलं नाव एकच, त्यावरून पोस्टमन अजून हसतो. मावशीही रिटायर होऊन नोएडाला राहत होती. मंडळाचा नवा चिटणीस दत्तात्रय ओक, कॉम्प्युटरवाला उत्साही मुलगा, मंडळाच्या हळदीकुंकवात आईशी बोलला आणि त्याच्या लक्षात आलं की ही बाई मंडळाच्या जुन्या सिनेमांची चालतीबोलती साक्षीदार आहे. तो घरी आला.

"काकू, सुवर्णमहोत्सवात आपण तो क्लासिक पुन्हा दाखवतोय. नंतर डिस्कशन. जुने प्रेक्षक स्टेजवर. तुम्ही आणि तुमच्या मैत्रीण, दोघी बोलाल?"

मावशी तिथेच होती. "मी मंडळात येत नाही," ती म्हणाली.

"या ना, प्लीज. नाडगौडा सर प्रमुख पाहुणे आहेत. तेच नंतर समारोप करणार."

मावशीने चहाचा कप बशीत ठेवला. "विहिरीचा दाखवताय?"

"हो."

"येते."

पुढचे काही रविवार त्या दोघींनी फक्त 'विहिरीचा' पाहिला. सीडी कुठे कुठे अडकायची. शेवटच्या प्रसंगाशी यायच्या, थांबवायच्या, मागे न्यायच्या. इनामदार हात जोडतो, डोकं खाली घालतो. नट मोठा होता, त्याचे खांदे असे पडायचे की कुणालाही दया यावी.

"बघ," मावशी म्हणायची, "पोर मेलं तिचं. आणि लोक रडतात याच्यासाठी."

"तुम्ही काय बोलणार ते ठरवलं?"

"सगळं बोलणार."

"सगळं नका बोलू," आई म्हणाली. "सिनेमात जी बाई फार बोलते तिच्या हातातला विळा कुणीतरी काढून घेतं. थोडं बोला, आणि नाव घेऊन बोला."

मी मावशीला विचारलं, इतकी वर्षं झाली, तो माणूस म्हातारा झाला, अजून काय मिळणार आहे? ती माझ्याकडे अशी बघून बोलली की मी पुन्हा विचारलं नाही. "त्याला माझ्याकडून काय मिळालं आजपर्यंत? नोकरी पुरी केली, पेन्शन, जावई, हारतुरे. मी तोंड मिटून बसले, हे सगळ्यांत मोठं बक्षीस मी त्याला दिलं. ते परत घ्यायचंय मला."

कार्यक्रम कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सभागृहात होता. नोव्हेंबरची थंडी, बायका शालीत. नाडगौडा पहिल्या रांगेत. शहात्तरीचे, पांढरेशुभ्र केस, हातात काठी, शेजारी पत्नी. सिनेमा झाला. बत्तीस वर्षांपूर्वी रडले असतील तसेच लोक रडले. दिवे लागले, स्टेजवर खुर्च्या आल्या. दत्तात्रयने आईला आणि मावशीला बसवलं, आणि मावशीला विचारलं, "शेवटाबद्दल काय वाटतं तुम्हाला? इतक्या वर्षांनी?"

मावशीने माइक घेतला.

"या शेवटाचा मला राग येतो," ती म्हणाली. "पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसले होते. नंतर राग यायला लागला. त्र्याहत्तर साली मी मंत्रालयात स्टेनो होते. माझ्या साहेबांनी माझ्या अंगाला हात लावला. मी हात काढा म्हटलं. त्यांनी माझी आसामला बदली केली. माझी आई इथे अर्धांगाने पडलेली होती, ती माझ्याशिवाय मेली. रजा त्यांनीच अडवली होती. नंतर याच मंडळात त्यांनी तिच्या शोकसभेत भाषण केलं. ते साहेब म्हणजे श्रीरंग नाडगौडा. समोर बसलेत."

हॉलमध्ये कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं, "ये क्या है, बंद करा हे." एक सफारीवाले गृहस्थ उठून भिंतीपाशी, माइकच्या बटणाकडे निघाले. बाबा त्या बाजूला बसले होते. ते उठले आणि त्यांच्या वाटेत उभे राहिले. नुसते उभे राहिले, कवायतीत उभे राहतात तसे. गृहस्थ परत फिरले.

नाडगौडांच्या मागच्या खुर्चीवरून एकजण ओरडला, "पुरावा काय?"

आईने मावशीच्या हातातून माइक घेतला. तिला माइक धरायची सवय नव्हती, तो तिने लाटण्यासारखा धरला. "मी द्वारका जगताप. म्हातारीच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं. 'अहिल्या आली का' विचारत होती. मी आली म्हणून सांगितलं. खोटं बोलले. अजून काय पुरावा पाहिजे?"

आणि मग नाडगौडा उठले.

मला वाटलं, बाहेर जातील. ते गेले नाहीत. काठी टेकत स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आले. दत्तात्रयने हात दिला, तो त्यांनी बाजूला केला. वर चढले, मावशीच्या समोर थांबले, काठी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. मान खाली घातली. खांदे पडले.

"अहिल्याबाई," ते म्हणाले, आणि तो आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "माझ्याकडून कळत नकळत काही झालं असेल, तर एका म्हाताऱ्याला क्षमा करा."

हॉल वितळला. मी स्वतः पाहिलं. माझ्या शेजारची बाई, जी क्षणापूर्वी नाडगौडांकडे तिरस्काराने बघत होती, ती डोळ्यांना पदर लावत होती. कुणीतरी टाळी वाजवली, मग दहा जणांनी, मग सगळ्यांनी. थोड्या वेळापूर्वी पडद्यावर जे दिसलं होतं तेच समोर उभं होतं, आणि आता फक्त हंडा भरायचा राहिला होता. सगळे मावशीकडे बघत होते. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मावशी टाळ्या थांबेपर्यंत थांबली.

"कळत नकळत नाही," ती म्हणाली. "कळून. आणि क्षमा नाही. तुम्ही खाली जा आणि बसा."

नाडगौडांनी मान वर केली. स्टेजवर बसलेल्या आईला त्यांचा चेहरा दिसला, हॉलला दिसला नाही. आई सांगते, तिथे दुःख नव्हतं. चांगला वठलेला प्रवेश कुणी मध्येच तोडल्यावर नटाचा होईल तसा तो चेहरा होता. जोडलेले हात तसेच राहिले. शेवटी त्यांची पत्नी विजयालक्ष्मी वर आली, खाली ठेवलेली काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना तिने मावशीकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडेही पाहिलं नाही.

आम्ही गाडीत बसलो. "भूक लागलीय," मावशी म्हणाली. बंगाली मार्केटला थांबून तिने छोले-भटुरे मागवले, दोन्ही भटुरे संपवले आणि आईच्या ताटलीतला अर्धा घेतला. रात्री आमच्याकडेच झोपली. आई सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती घोरली.

पुढच्या आठवड्यात मंडळातल्या बहुतेकांचं मत पडलं की बाईंनी फार ताणलं. चूक झाली असेल, पण म्हाताऱ्या माणसाने भर सभेत हात जोडल्यावर एवढा ताठा? काहींनी आईला हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलं. पण फोनही आले. एक फोन मीच उचलला. पलीकडून बाई म्हणाली, "मी भीमाबाई कांबळे. नाडगौडांच्या सेक्शनला अहिल्याताईंच्या नंतर आले होते." आणि पुढे बोललीच नाही. मावशी त्या दिवशी आमच्याकडेच होती, तिला मी फोन दिला. मावशीने बराच वेळ ऐकलं, म्हणजे पलीकडची शांतताच ऐकली असावी, आणि मग म्हणाली, "रविवारी येता? आम्ही सिनेमा बघतो." ती आली. तिच्यापाठोपाठ आणखी दोघी. आईला चहाची भांडी कमी पडायला लागली.

दोन वर्षांनी थंडीत नाडगौडा गेले. मंडळाने सभा ठेवली. मावशी जाणार नाही म्हणाली. आई म्हणाली, "मी जाते. काय बोलतात ते ऐकायला पाहिजे." परत आली ती चप्पल दारात भिरकावतच.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, एवढा मोठा माणूस, काही दोष नसताना एका बाईच्या समाधानासाठी भर सभेत हात जोडले. असं मन आता कुठे मिळतं म्हणाले. टाळ्या पडल्या. आणि वार्षिक सिनेमाला त्यांचं नाव द्यायचं म्हणतायत."

मावशीचा चेहरा पांढरा पडला. इतका संताप मी तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी स्टेजवरही पाहिला नव्हता. "मेला तरी घेतोच आहे माझ्याकडून," ती म्हणाली. मग उठून फेऱ्या मारायला लागली. आम्ही समजत होतो की तो दिवस झाला, आणि संपलं. सिनेमात संपतं. इथे त्याने हात जोडल्याची गोष्ट उरली होती, आणि ती रोज थोडी थोडी त्याच्या बाजूची होत चालली होती.

"सर्वसाधारण सभा कधी आहे?" तिने विचारलं.

"मार्चात."

"मी मेंबर नाही."

"मी आहे ना," आई म्हणाली. "तुम्हीपण व्हा. भीमाबाईंनापण करा."

त्या हिवाळ्यात दोघींनी सिनेमा पाहिला नाही. फोन केले. सरोजिनी नगर, आर. के. पुरम, कॅंटोनमेंट, जिथे जिथे ओळखीची मराठी बाई होती तिथे गेल्या. आई फौजी बायकांशी बोलली, मावशी ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींशी. मी गाडी चालवायचे. बऱ्याच घरांत चहा मिळाला आणि नकार मिळाला. काही घरांत नवरा आत गेल्यावर बायकोने आवाज खाली करून विचारलं, "सभा किती वाजता?"

मार्चमधल्या सभेत नाव देण्याचा ठराव मांडला गेला तेव्हा मावशी उभी राहिली आणि जे स्टेजवर बोलली होती तेच पुन्हा बोलली, तितकंच, त्याच क्रमाने. अध्यक्ष म्हणाले, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. ती म्हणाली, "तुम्ही गेलेल्या माणसाचं नाव लावणं थांबवा, मी बोलणं थांबवते. तुम्ही जितक्यांदा ते लावाल तितक्यांदा मी बोलणार. माझी तब्येत चांगली आहे."

हात वर करून मतं घेतली. विरोधात पहिला हात भीमाबाईंचा होता. मग आईचा, माझा, मग मागून फौजी बायकांचे, आणि मग काही असे हात, ज्यांचे नवरे शेजारीच बसून त्यांच्याकडे बघत होते. ठराव थोडक्यात पडला. मंडळाचा वार्षिक सिनेमा अजून होतो, त्याला कुणाचंच नाव नाही.

सभेनंतर व्हरांड्यात चहा-समोसे होते. मला वाटलं, मावशी लगेच निघेल. तिने प्लेट घेतली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ठरावाच्या बाजूने मत दिलेले एक जुने गृहस्थ, विष्णू देव, तिच्यापाशी आले आणि मायेने म्हणाले, "अहिल्याबाई, आता तरी मन मोकळं करा. विसरा सगळं."

"नाही," मावशी म्हणाली, आणि त्यांना चटणीची वाटी सरकवायला सांगितली. त्यांनी ती दिली. शेवटची माणसं निघेपर्यंत ती तिथेच उभी होती, सगळ्यांना दिसेल अशी.